नाव पाकिटाच्या आत आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं होतं. समाजमाध्यमांवर आधार जोडल्याशिवाय कुणाला लिहूच देऊ नये, प्रत्येकाला खऱ्या नावाने बोलायला लावावं, टोपणनाव घेतो तो भित्रा, असा त्याचा सूर. पत्र मुद्देसूद होतं आणि खाली त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, वस्ती, सगळं दिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. चहा गार झाला.

मी टपाल खात्यात ३४ वर्षं काढली. आधी सॉर्टिंग, मग रजिस्ट्रीची खिडकी, शेवटी बचत बँक. आयुष्यभर लोकांची नावंच हाताळली, तेव्हा नावाच्या बाबतीत दोन शब्द बोलायचा थोडा हक्क मला आहे असं समजते. पत्र लांबणार आहे. कात्री लावलीत तरी राग नाही, फक्त शेवटाकडचं ठेवा.

आधी हे ठरवू या की खरं नाव म्हणजे कोणतं.

नोकरीच्या सुरुवातीला महाल भागाचं टपाल माझ्या कप्प्यांत यायचं. एकदा एक पोस्टकार्ड आलं. पत्ता असा: ‘बंडूभाऊ, पानठेल्याच्या मागे, जुनी शुक्रवारी, नागपूर.’ पिन नाही, घर नंबर नाही, आडनाव नाही. मी नवीन होते. ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून परत पाठवायला निघाले होते. त्या बीटचा पोस्टमन हसला, कार्ड उचललं आणि दुपारी येऊन म्हणाला, ‘देऊन आलो. बंडूभाऊने चहा पाजला.’ त्याच महिन्यात कोर्टाचं एक रजिस्टर पाकीट आलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, घर क्रमांक, वॉर्ड, सगळं टाइप केलेलं. ते तीन दिवस फिरलं आणि ‘या नावाची व्यक्ती येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत गेलं. गल्लीत त्या नावाचा माणूस कुणालाच ठाऊक नव्हता. पुढे कधीतरी कळलं की तो बंडूभाऊच. (त्याला स्वतःला ठाऊक असणार. पण कोर्टाचं पाकीट म्हटल्यावर तो कशाला सांगतो?)

फेसबुकचा नियम म्हणे असा आहे की रोजच्या व्यवहारात लोक तुम्हाला ज्या नावाने ओळखतात ते नाव वापरा. या हिशेबाने आमच्याकडचे बबलू, गुड्डू, पिंटू आणि बाल्या नियमात चोख बसतात, बसत नाही ते त्यांचं आधार कार्ड. मराठीतल्या टोपणनावांच्या कवींची यादी मी देत नाही, ती सगळेच देतात. फक्त आपल्या नागपूरच्या ग्रेस यांचं कागदोपत्री नाव काय होतं, ते शेजारी कुणाला तरी विचारून पाहा.

माझंच घ्या. घरी मी बेबी. शाळेच्या दाखल्यावर दुसरंच, आजीने ठेवलेलं. नोकरी लागली ती त्या नावावर. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवीन नाव लिहिलं. आधी मला कुणी विचारलं नव्हतं, मी ते तांदळातच वाचलं. सासरी, वस्तीत, गॅसच्या कार्डावर आणि पुढे आधारवर तेच चढलं. नोकरीत मात्र बदलून घ्यायचं राहिलं, म्हणून पेन्शनच्या कागदावर माहेरचं. निवृत्त झाल्यावर काउंटरपलीकडचा मुलगा मला म्हणाला, ‘मॅडम, या दोघी एकच आहेत याचा पुरावा आणा.’ प्रतिज्ञापत्र, राजपत्र, एका स्पेलिंगसाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र. आठ महिने गेले. दर नोव्हेंबरला मी जिवंत असल्याचं अंगठा टेकवून सांगते, ते सोपं आहे. मी मीच आहे हे सांगताना जीव मेटाकुटीला आला.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्याने आईचंही नाव घातलं. बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला फार बरं वाटलं. पण बघा, त्या तारखेच्या आदल्या दिवशी जन्मलेल्याचं खरं नाव वेगळ्या घडणीचं आणि दुसऱ्या दिवशीच्याचं वेगळ्या. लग्न झालेल्या बायांचं मात्र पूर्वीसारखंच, नवऱ्याच्या नावाने.

आणि आडनाव. नागपुरात नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की त्याच्या पुढचा, ‘म्हणजे कोणते?’ याचं उत्तर मिळेपर्यंत समोरच्याचा चेहरा नुसता थांबलेला असतो. माझ्या शेजारच्या खिडकीवर एक सहकारी बसायची. टेबलावरच्या पाटीवर ती फक्त पहिलं नाव लावायची. एका साहेबांनी शिस्त म्हणून सगळ्यांना पूर्ण नाव लावायला सांगितलं. त्या आठवड्यापासून पासबुक घेऊन तिच्यापुढे उभे राहणारे दोन-तीन नेहमीचे लोक माझ्या रांगेत यायला लागले. त्यांनी कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, त्यांची पासबुकं भरून दिली.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की सगळ्यांनी खरं नाव लावलं की सगळे सारखे होतील, तेव्हा मला ती पाटी आठवते.

फसवणुकीचा मुद्दा त्या पत्रात होता. त्यावर घरचीच गोष्ट सांगते. मागच्या दिवाळीत माझ्या नावाचं दुसरंच खातं निघालं. नाव तेच, फोटो तोच, नातवाला मांडीवर घेतलेला. त्या खात्यावरून माझ्या भावजयीला निरोप गेला, ‘वहिनी, दवाखान्यात आहे, आठ हजार तातडीने पाठवा.’ भावजय हुशार. तिने उलट विचारलं, ‘मी तुम्हाला काय म्हणते ते सांगा.’ त्या माणसाने माझं आधारवरचं नाव टाइप केलं. ती मला लग्न होऊन आली त्या दिवसापासून ‘बेबीबाई’ म्हणते आणि मी तिला ‘माई’. तिने आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन लावला, मग मला. भामट्याकडे माझं पूर्ण खरं नाव होतं, अक्षर न अक्षर बरोबर. टोपणनाव नव्हतं, तिथेच गाडी अडली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

आमची वस्ती कोणती ते सांगत नाही. वस्तीचा फेसबुकवर एक गट आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यात ‘गल्ली नंबर चार’ या नावाचं एक खातं लिहायला लागलं. त्याचं लिहिणं मला आवडायचं. आरडाओरड नाही. ‘चौथ्या गल्लीच्या तोंडाशी गडरच्या चेंबरचं झाकण नाही. दिवस ९.’ खाली फोटो. चेंबरशेजारी डांबरावर खडूने तेच लिहिलेलं, आणि खोली कळावी म्हणून आत सोडलेली सुतळी, हातहातभर अंतरावर गाठी मारलेली. दुसऱ्या दिवशी ‘दिवस १०’. एकदा कामाच्या पाटीवर लिहिलेल्या रस्त्याच्या लांबीचा फोटो आणि त्याखाली स्वतः टेपने मोजलेली लांबी, बस. शिवी नाही, कुणाचं नाव नाही. लोक विचारायचे, ‘आपण कोण?’ उत्तर यायचं, ‘झाकण बसलं का ते विचारा.’

‘दिवस १९’च्या फोटोत मी ओळखलं. त्या ९ ची शेपूट खाली येऊन पुन्हा आत वळलेली होती. हा ९ मी रोज बघत होते. समोरच्या घराच्या फाटकावर चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘पार्सल २ ऱ्या माळ्यावर द्यावे, सकाळी ९ नंतर.’ सॉर्टिंगला बसलेला माणूस एक वेळ चेहरा विसरेल, अक्षर विसरत नाही. त्या माळ्यावर एक मुलगी भाड्याने राहायची. गोंदियाकडची, एका पॅथॉलॉजीत काम करणारी. (तिचं गाव आणि काम मी इथे बदलून लिहिलं आहे.) एकटी राहायची, लग्न झालेलं नव्हतं, वस्तीला एवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून झाल्यावर आम्ही पाच जणी बागेतल्या बाकावर बसलो होतो. विषय निघाला. मी म्हणाले, ‘मला ठाऊक आहे कोण ते.’ खरं सांगते, हे म्हणताना मला फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर आपल्यालाच काहीतरी ठाऊक आहे असे प्रसंग कमी येतात. एक जण म्हणाली, ‘काऊन वं, ती पोट्टी? एवढुशी तर दिसते!’ सगळ्या हसल्या. कौतुकानेच. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तिचा घरमालक त्या रस्त्याच्या ठेकेदारालाच माल पुरवतो, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. बाकावर बसले असताना आठवलं नाही, एवढंच.

संध्याकाळपर्यंत ते कौतुक घरमालकापर्यंत पोचलं.

मग गटावर तिला उत्तरं यायला लागली, तिचं नाव घेऊन. उत्तरं देणारे सगळे खऱ्या नावाचे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. फोटोत बायको, मुलं आणि मागे शेगावचं मंदिर. ‘ताई, आधी भाडं वेळेवर देत जा.’ ‘रात्री साडेनऊला घरी येणाऱ्यांनी आमच्या गल्लीची काळजी करू नये.’ तिसरा काय म्हणाला ते लिहिणार नाही. आपण लिहिलेल्याच्या वर आपलं नाव दिसतं आहे, याची त्यातल्या एकालाही लाज वाटली नाही. उलट नावामुळेच त्यांना जोर होता. त्यांच्या नावामागे घर होतं, घरामागे भाऊ होते. तिच्या नावामागे अकरा महिन्यांचा भाडेकरार होता.

‘गल्ली नंबर चार’ दिवस २४ ला थांबली. महिन्याभरात तिने खोली सोडली. जायच्या आदल्या दिवशी माझा स्टीलचा डबा परत द्यायला आली. कधीतरी सांबारवड्या दिल्या होत्या त्यातून. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून तिने त्यात मुरमुऱ्यांचा चिवडा भरून आणला होता, वर शेंगदाणे वेगळे तळून. दारातच उभी राहिली. ‘काकू, लोकांले कसं काय माहीत पडलं, समजलंच नाही मला,’ म्हणाली. मी डबा घेतला. ‘चहा टाकू का?’ म्हणाले. ती घाईत होती.

चेंबरवर सध्या बाभळीची फांदी उभी आहे आणि तिला लाल फडकं बांधलेलं आहे. कुणी बांधलं ते ठाऊक नाही. गटावर आता वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात.

त्या गृहस्थांचा मुद्दा मला अगदीच पटत नाही असं नाही. टोपणनावाचा त्रास मी जवळून पाहिला आहे. आमच्या नात्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला कुणी ‘किंग’ की काय नावाचा माणूस तीन आठवडे घाण लिहीत होता. ती जेवेना, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायची. सायबर पोलिसांकडे तक्रार गेली. टोपणनावामागे मोबाइल नंबर, नंबरामागे सिम घेताना दिलेले कागद. तिच्याच वर्गातला मुलगा निघाला. तीन आठवडे कमी नाहीत, तिच्या आईला विचारा. पण शोधायला लागणारं नाव होतं, आणि जिथे असायला हवं तिथे होतं. ते सगळ्या गावाला दिसत असतं तर तो थांबला असता का? आमच्या गटावरचे मंदिरासमोरचे फोटोवाले तरी थांबले नाहीत.

सक्ती करून पाहिलेला देशही आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये कायदा केला की मोठ्या संकेतस्थळांवर लिहायचं तर आधी नागरिक क्रमांकाने ओळख पटवायची. म्हणजे साधारण आपण आधार म्हणतो तसंच. २०११ मध्ये तिथल्या एका कंपनीवर डल्ला पडला आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. त्या देशाची लोकसंख्याच तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. शिवीगाळ म्हणावी तशी कमी झाली नव्हती, हेही न्यायालयाने नोंदवलं. आपल्याकडे केंद्राच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत एवढंच आहे की ५० लाखांहून जास्त सदस्य असलेल्या मोठ्या कंपन्यांनी ओळख पटवून घेण्याची सोय द्यावी, आणि ती ज्याला हवी त्याच्यासाठी. मला तेवढं पुरे वाटतं.

खऱ्या नावाने बोलणाऱ्याचं काय होतं, तेही आपल्याच राज्यात पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त पसंतीची खूण केली होती. दोघींनी आपापल्या नावाने. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं, पण तोवर सव्वादोन वर्षं होऊन गेली होती.

आमच्या खात्यातली एक सोय मात्र फार जणांना ठाऊक नाही. सत्येंद्र दुबे नावाचे तरुण अभियंते महामार्गाच्या कामावर होते. त्यांनी कामातल्या गैरप्रकारांबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गया शहरात त्यांना गोळ्या घालून मारलं. पुढे तपासात तो लुटीतून झालेला खून ठरला. पण नाव फुटल्यावरून देशभर गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २००४ मध्ये केंद्राने ठराव केला. त्याप्रमाणे कुणी भ्रष्टाचाराची तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशी पाठवू शकतो: बंद पाकीट, वर ‘पीआयडीपीआय’ ही त्या ठरावाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही. नाव आणि पत्ता आत, पत्रात किंवा वेगळ्या कागदावर. आत नाव नसेल किंवा खोटं नाव असेल तर तक्रार घेत नाहीत. आणि अशा पाकिटासाठी पाठवणाऱ्याच्या नावाचा, मोबाइलचा आग्रह धरू नका, असं पोस्ट ऑफिसांना कळवलेलं आहे.

हे परिपत्रक मी निवृत्त झाल्यानंतरचं. मी खिडकीतून सगळी वर्षं एकच वाक्य म्हणत आले, ‘मागे पाठवणाऱ्याचं नाव लिहा.’ ज्याला लिहायचं नसेल त्याच्याकडे मी चष्म्यावरून बघायची.

आणि संपादकसाहेब, हे तुमच्याकडेही होतंच की. वधू-वरांच्या जाहिरातींत ‘बॉक्स नं. अमुक’ असायचं. बॉक्समागे कोण ते फक्त वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागाला ठाऊक. उत्तरांचे गठ्ठे आमच्याकडून यायचे आणि तुमच्याकडून ज्याचे त्याला जायचे. दुसरेपणाचं स्थळ शोधणारी बाई, अपंग मुलीचे वडील, कुणाला कुणी भित्रं म्हटलं नाही. नाव सांभाळणारा कुणीतरी मध्ये होता, एवढीच त्यातली खुबी. त्याच्यावर भरवसा होता.

‘गल्ली नंबर चार’चंही नाव गट चालवणाऱ्याला ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं. तिने आपणहून कळवलं होतं, फोन नंबरसकट. तो विशीतला मुलगा आहे, दिवसभर मोबाइलचं दुकान चालवतो. शेवटपर्यंत त्याने कुणाला सांगितलं नाही. घरमालकाने दुकानात जाऊन विचारलं तरी नाही.

टपाल खात्यात बंद पत्र उघडायचा अधिकार पोस्टमनला नसतो, सॉर्टरला नसतो, पोस्टमास्तरलाही नसतो. ज्याचा धनी सापडत नाही असं पत्र एका वेगळ्या कार्यालयात जातं आणि तिथेच उघडतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे शिकवलं जातं. ३४ वर्षांत माझ्या हातून एकही पाकीट फुटलं नाही. फोडलं ते निवृत्तीनंतर, बागेतल्या बाकावर.

तेव्हा विनंती अशी की हे पत्र छापलंत तर खाली दिलेलं टोपणनावच छापा. माझं नाव (आधारवरचं आणि पेन्शनवरचं, दोन्ही), पत्ता आणि मोबाइल वेगळ्या कागदावर आत ठेवला आहे, खात्री करून घ्या. नाव छापलं की वस्ती कळेल, वस्तीवरून घरमालक कळेल आणि त्याच्यावरून ती. त्या बाकावरच्या चौघींना हे वाचून कळणारच आहे. त्यांना कळू द्या. त्या गृहस्थांना मी भित्री वाटेन, तर वाटू द्या. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, तो भित्रेपणा नक्की आहे. टोपणनाव लावण्यात किती आहे, ते माझं ठरत नाही.

तिचा नवा पत्ता माझ्याकडे आहे, दुसऱ्या टोकाला राहते ती आता. आंतरदेशीय पत्र आणून ठेवलं आहे. वर तिचं नाव, माळा, गल्ली, पिन, सगळं नीट घातलं आहे. आत ‘चि.’च्या पुढे अजून गेले नाही. मागे पाठवणाऱ्याच्या जागी कोणतं नाव लिहावं, यावर मात्र अडले नाही. ती ज्या नावाने ओळखते तेच लिहिलं.

आपली,
समोरची काकू
नागपूर
(नाव व पत्ता कळवला आहे)